ट्विन-टिप घ्या, पण उतारावर नीट कार्व्ह करणारी: नाशिककरांसाठी पहिली स्की निवडण्याची वाट

गुलमर्गला किंवा औलीला एक आठवडा बर्फात काढून आलेला नाशिककर घरी परतला की त्याच्या डोक्यात एकच किडा वळवळत असतो: पुढच्या वर्षी भाड्याची स्की नको, स्वतःची हवी. आणि स्वतःची म्हटलं की नजर जाते ती ट्विन-टिपवर. दोन्ही टोकं वर वळलेली, वर झगमगीत चित्रं, आणि व्हिडिओत पोरं तिच्यावरून उलटी-सुलटी उडताना दिसतात. घ्यायला हरकत काहीच नाही. मात्र आपल्यातले बहुतेक जण उड्या मारायला जात नाहीत. आपण जातो ते मशीनने दाबून सारख्या केलेल्या उतारावर, स्की कडेवर झुकवून लांब, स्वच्छ वळणं घ्यायला. यालाच कार्व्हिंग म्हणतात, आणि कुठलीही ट्विन-टिप हे काम करते असं नाही.

माझं सांगणं एवढंच आहे की टिपेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, बघून स्की घेऊ नका, टाचेच्या मागे काय आहे ते बघा. पुढचं सगळं त्याचंच स्पष्टीकरण आहे.

हे लिहिलंय ते घसरत थांबता येणाऱ्यांसाठी, दोन्ही स्की समांतर ठेवून जमेल तशी वळणं घेणाऱ्यांसाठी. ज्यांनी अजून बर्फावर पाय ठेवलेला नाही त्यांनी आधी गुलमर्गच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ स्कीइंग अँड माउंटेनियरिंगचा किंवा मनालीच्या अटलबिहारी वाजपेयी संस्थेचा प्राथमिक कोर्स करावा, भाड्याच्या स्कीवर पडावं, उठावं, मग खरेदीचं बघावं.

आधी ठरवा, चालवणार कुठे

गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर आहे. गोंडोलाचा, म्हणजे केबल कारचा, पहिला टप्पा कोंगदोरीला, म्हणजे तीन हजार मीटरच्या वर नेतो, आणि दुसरा टप्पा अफरवत पर्वताच्या खांद्यावर, चार हजार मीटरच्या जवळ. वरच्या टप्प्यावरचा बर्फ दाबलेला नसतो. तिथे गुडघाभर भुसभुशीत बर्फ, हिमस्खलनाचा धोका आणि त्या कामाची रुंद स्की, असा सगळा वेगळाच मामला आहे. दाबलेले उतार खाली, ड्रॅग लिफ्ट आणि चेअर लिफ्टच्या बाजूला. औलीचा उतार साधारण अडीच ते तीन हजार मीटरच्या पट्ट्यात, मशीन फिरवलेला. मनालीजवळच्या सोलांगचा उतार छोटा, पण सरावाला पुरतो.

हे आधी सांगायचं कारण असं की गुलमर्गच्या कुठल्याही चहाच्या टपरीवर तुम्हाला सल्ला मिळेल, "शंभरच्या वरचीच घ्या, बाकी सब बेकार." शंभर म्हणजे स्कीच्या मधल्या भागाची रुंदी, मिलिमीटरमध्ये. अफरवतवर जाणाऱ्यासाठी तो सल्ला सोळा आणे खरा. तुम्ही दिवसभर चेअर लिफ्टने वर जाऊन दाबलेल्या उतारावर उतरणार असाल तर तोच सल्ला तुमच्या गुडघ्यांवर उठेल.

आणखी एक जागा नाशिककरांच्या लक्षात येत नाही, ती दुबई. स्की दुबई २००५ पासून चालू आहे, मॉलच्या आत, सगळ्यात लांब उतार ४०० मीटरचा, बर्फ रोज मशीनने सारखा केलेला. तिकिटात स्की आणि बूट मिळतात. कोणाचा तरी भाऊ, मेहुणा तिकडे असतोच. खरेदीच्या आधी दोन वेगवेगळ्या लांबीच्या स्की पाठोपाठ चालवून पाहायला याहून सोपी जागा नाही.

पैसे मोजके असतील तर आधी बूट

इथे थोडक्यात सांगतो, कारण हा स्वतंत्र विषय आहे. स्की कितीही चांगली असली तरी ती कडेवर झुकवतो तो बूट. पाय आत हलत असेल तर तुमचा झुकाव स्कीपर्यंत पोहोचतच नाही. बुटाचं माप सेंटिमीटरमध्ये असतं, पायाची खरी लांबी. आपल्याकडे चपलांत वाढलेला पंजा बऱ्याचदा रुंद असतो, म्हणून बुटाच्या आतली रुंदी विचारा. ९८ मिमी म्हणजे अरुंद, १०२ म्हणजे ऐसपैस. नव्याने शिकणाऱ्या पुरुषाला फ्लेक्स, म्हणजे बुटाच्या कडकपणाचा आकडा, ८० ते १०० आणि बाईला ७० ते ९० च्या आसपास पुरतो. सैल बूट "आरामदायी" वाटतो म्हणून घ्यायचा मोह दुकानात हमखास होतो. तो आवरा. बोटं समोर जेमतेम टेकली पाहिजेत, आणि गुडघा पुढे वाकवला की मागे सरकली पाहिजेत.

स्कीवर छापलेले आकडे वाचायला शिका

प्रत्येक स्कीवर तीन आकडे असतात, समजा ११८-८६-११०. हे मिलिमीटर: टिपेची रुंदी, कंबर म्हणजे पायाखालच्या अरुंद भागाची रुंदी, आणि टेलची, म्हणजे मागच्या टोकाची, रुंदी. बाजूला आर १७ असं काही असतं, तो वळणाचा रेडियस, मीटरमध्ये. बऱ्याच कंपन्यांच्या मॉडेलच्या नावातला आकडा म्हणजे कमरेची रुंदी: नॉर्डिका सोल रायडर ८७, आर्माडा एआरव्ही ९६, व्होल्कल रिव्होल्ट ८६. सगळ्यांचं तसं नाही. फॅक्शनच्या प्रॉडिजी मालिकेतले १, २, ३ हे फक्त क्रमांक आहेत. म्हणून नावावर न जाता आकडे वाचा.

कंबर जितकी रुंद, तितकी कड तुमच्या पायाच्या मध्यापासून दूर. स्की झुकवायला जास्त जोर लागतो, आणि एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जायला वेळ लागतो. कडक, घट्ट दाबलेल्या बर्फावर हे लगेच जाणवतं. म्हणून ज्यांचा मुख्य उद्योग कार्व्हिंग आहे, पण ज्यांना ट्विन-टिपच हवी, त्यांनी ८० ते ९० मध्ये राहावं. मी स्वतः ८४ ते ८८ सांगतो. ९६ ची स्की कार्व्ह करत नाही असं नाही, करते. पण शिकणाऱ्याला ती वळणाच्या सुरुवातीला सुस्त वाटते, आणि मग तो खांदे फिरवून तिला ओढायला लागतो. ही सवय एकदा लागली की सुटता सुटत नाही.

रेडियसचं गणित सातपूर-अंबडच्या कारखान्यांतल्या मंडळींना आवडेल. टिप आणि टेलच्या रुंदीची बेरीज करा, त्यातून कमरेची दुप्पट वजा करा आणि चाराने भागा. ११८ अधिक ११० म्हणजे २२८, त्यातून १७२ गेले, उरले ५६, भागिले चार म्हणजे १४ मिमी. ही कमरेच्या कापाची खोली. आता स्कीच्या सगळ्यात रुंद दोन जागांमधलं अंतर मोजा, समजा १.४० मीटर. त्याचा वर्ग १.९६. त्याला खोलीच्या आठपटीने, म्हणजे ०.११२ ने भागलं की १७.५ मीटर. छापलेल्या आकड्याच्या जवळपास आलात. ही स्की ४५ अंश झुकवली तर ती सपाट असताना दाखवलेल्या रेडियसच्या साधारण सत्तर टक्के, म्हणजे बारा-साडेबारा मीटरचं वळण काढते. ६० अंश झुकवलीत, जे जमायला काही हंगाम जातात, तर निम्मं.

तुलनेसाठी सांगायचं तर शर्यतीची पुरुषांची स्लॅलम स्की १६५ सेंमीची, रेडियस बारा-तेरा मीटर. जायंट स्लॅलमची तीस मीटर. आपल्याला यातलं काहीच नको. १५ ते १८ मीटर घ्या. बाराच्या आसपासची स्की सारखी वळायला बघते आणि सरळ जाताना डुगडुगते. वीसच्या वरची उड्यांच्या बागेत, म्हणजे उड्या आणि कसरतींसाठी रचलेल्या टेरेन पार्कात, सरळ उतरणाऱ्यांसाठी बनवलेली असते, आणि औलीच्या उतारावर तिला वळवेपर्यंत उतार संपतो.

टेल: घोडं इथेच पेंड खातं

थोडा इतिहास सांगतो, कारण त्याने कोडं उलगडतं. नव्वदच्या दशकात एलान कंपनीने कमरेत खोल कापलेल्या स्की आणल्या आणि साध्या माणसालाही कार्व्ह करता यायला लागलं. त्याच दशकाच्या शेवटी, १९९८ मध्ये, सालोमन कंपनीने टेनएटी ही स्की आणली, दोन्ही टोकं वळलेली. ती मागितली होती माइक डग्लस हा स्कीपटू आणि त्याच्या कॅनडातल्या सोबत्यांनी, कारण त्यांना उलटं उतरायचं होतं, उडी मारून उलटं टेकायचं होतं. म्हणजे एक स्की कडेवर झुकून वळण्यासाठी आणि दुसरी हवेतून परत बर्फावर येण्यासाठी. पुढे दोन्ही कल्पना एकाच स्कीत यायला लागल्या, पण प्रत्येक कंपनीने त्यांचं प्रमाण आपापल्या मनाने ठरवलं. तुम्हाला शोधायचं ते हे प्रमाण.

वळणाच्या सुरुवातीला टिप बर्फात शिरते, मध्ये पायाखालचा भाग दाबला जातो, आणि शेवटी भार टाचेमागे सरकतो. तिथे टेलने कड धरून ठेवली तर वळण पूर्ण होतं. टेल मऊ असेल, किंवा आधीच वर उचललेली असेल, तर ती शेवटी बाहेर निसटते आणि वळणाच्या जागी फरफट होते. साध्या स्कीची टेल सपाट असते म्हणून शेवटपर्यंत टेकते. ट्विन-टिपची वर वळते, म्हणून स्कीवर लिहिलेली लांबी आणि बर्फाला खरोखर टेकणारी कड यांत बरीच तफावत पडते. दोन १७२ च्या स्की शेजारी ठेवा, एकीची टेकणारी कड दुसरीपेक्षा हातभर कमी निघू शकते.

हे दुकानात, किंवा कोणाच्या तरी दिवाणखान्यात, पाच मिनिटांत तपासता येतं. दोन्ही स्कीचे तळ एकमेकींना लावा आणि उभ्या धरा. मधे फट दिसेल तो कॅम्बर, म्हणजे स्कीला पायाखाली दिलेली कमान. आता एकाला मधोमध दोन्ही हातांनी फट मिटेपर्यंत दाबायला सांगा. एसटीचं तिकीट किंवा तसलाच पातळ कागद घ्या आणि टेलच्या बाजूने दोन स्कीच्या मधे सरकवत आत न्या. कागद अडला तिथे पेन्सिलने खूण करा. मग टिपेकडून तसंच. दोन खुणांमधलं अंतर टेपने मोजा. दाबलेल्या उतारावर, फार न झुकवता, एवढीच कड तुमच्या उपयोगाची. जास्त झुकवली की वाकलेल्या स्कीची आणखी थोडी कड टेकते, पण नवशिक्याने तो हिशेब धरू नये.

टेलकडचा कागद किती आत गेला ते खास लक्षात ठेवा. टोकापासून वितभर गेला तर उत्तम, कार्व्ह करणारी ट्विन-टिप. दीड विती गेला तर विचार करा. हातभर गेला, म्हणजे तळ टाचेजवळच सुटायला लागला, तर ती उड्यांची आणि मऊ बर्फाची स्की. ती बाजूला ठेवा, किती का सुंदर दिसेना.

मग कमान. फट न दाबता, मोकळ्या स्कीत पायाखाली चार-पाच मिलिमीटर तरी दिसली पाहिजे. काही ट्विन-टिपमध्ये कमान उलटी असते, मध्य टेकलेला आणि दोन्ही टोकं हवेत. त्यावर शिकायला सोपं जातं, वळवायला हलकी वाटते, म्हणून नवे लोक भुलतात. कडक बर्फावर मात्र तिची कड धरत नाही. टिपेला थोडा रॉकर, म्हणजे टोकाकडे हळूहळू वर उचललेला तळ, असला तर चांगलंच. टेलला जितका कमी तितकं बरं.

आता हाताने ताकद बघा. टेल जमिनीवर रबरी चटईवर टेकवा, टिप एका हाताने धरा आणि दुसऱ्या तळव्याने मधोमध दाबा. मग उलटी करून टिप खाली, टेल हातात, तसंच. बागेतल्या स्कीची दोन्ही टोकं सारखी मऊ असतात. तुम्हाला हवी ती टेलकडे जरा जास्त अडणारी. पुढे, टिप दोन्ही हातांनी धरून कपडा पिळावा तशी पिळायला जा. सहज पिळली गेली तर कडक बर्फावर टिप मागे फिरेल आणि कड सुटेल. लांबीला वाकणारी पण पिळल्यावर न हलणारी, हे जोडीने मिळालं की अर्धी लढाई जिंकली.

आत काय आहे

लाकडाचा गाभा हवा: पॉप्लर, बीच, ॲश, पावलोनिया, जे असेल ते. फोमचा गाभा हलका आणि स्वस्त, पण काही दिवसांतच मरगळतो. बाजू उभी, म्हणजे सँडविच बांधणीची असावी. वरचं आवरणच खाली कडेपर्यंत वळवलेली स्की कड कमी दाबते. काही ट्विन-टिपमध्ये टायटनल म्हणजे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे पातळ थर असतात. त्यांनी स्की स्थिर होते, थरथर कमी होते. पण ६० किलोच्या आतल्या माणसाने पूर्ण लांबीचे दोन थर असलेली स्की घेऊ नये, ती त्याच्याच्याने वाकणार नाही, आणि न वाकणारी स्की कार्व्ह करत नाही. पायाखाली थोडा धातू आणि टोकांना फक्त लाकूड-फायबरग्लास असं मिश्रण मला शिकणाऱ्यासाठी सगळ्यात बरं वाटतं.

नाशिकमध्ये सायकलवाले पुष्कळ. त्यांना एका वाक्यात सांगायचं तर ट्विन-टिप ही हायब्रिड सायकल आहे, आणि हायब्रिडमध्येही रोड बाइककडे झुकलेली कोणती आणि एमटीबीकडे झुकलेली कोणती, हे टायर बघूनच कळतं, रंग बघून नाही.

लांबी

साध्या कार्व्हिंग स्कीला हनुवटी ते नाक असा आडाखा असतो. ट्विन-टिपला वर सांगितलेल्या कारणाने चार-पाच सेंटिमीटर जास्त लागतात: नाक ते भुवई, थोडं आलेल्याने कपाळापर्यंत. १७० सेंमी उंचीच्या आणि ७० किलो वजनाच्या माणसाला साधारण १६८ ते १७३. उंचीपेक्षा वजनाला जास्त मान द्या. उंच पण काटकुळा असाल तर खालचं माप घ्या, बुटका पण दणकट असाल तर वरचं. कंपन्या लांबी एकाच रीतीने मोजत नाहीत. कोणी सरळ रेषेत मोजतं, कोणी वळणासकट. म्हणून दोन मापांच्या मधे अडकलात तर पुन्हा तो कागद आणि टेप काढा.

बाइंडिंग, आणि ते कुठे बसवायचं

बऱ्याच ट्विन-टिप बाइंडिंगशिवाय, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या आणि पडल्यावर सोडणाऱ्या यंत्राशिवाय, विकल्या जातात. किंमत बघताना हे विसरलं की गणित चुकतं. युरोपात नवी जोडी साधारण ४०० ते ७०० युरोंना, बाइंडिंग वेगळं. नाशिकच्या खेळसाहित्याच्या दुकानात ही खरेदी होत नाही, त्यामुळे माल येतो तो बाहेरून, बहुधा नातेवाइकाच्या सामानातून. बाइंडिंग तिकडेच, विकणाऱ्याकडून, तुमच्या बुटावर बसवून घ्या. बूट पाठवणं शक्य नसेल तर निदान टाचेवर कोरलेली सोलची लांबी मिलिमीटरमध्ये कळवा, आणि सोल कुठला आहे तेही: जुना सपाट आयएसओ ५३५५ की चालायला सोपा, किंचित गोलसर ग्रिपवॉक. सगळी बाइंडिंग दोन्ही घेत नाहीत.

ब्रेकची, म्हणजे बूट सुटल्यावर बर्फात रुतून स्की थांबवणाऱ्या दांड्यांची, रुंदी कमरेपेक्षा थोडी जास्त, दहा-पंधरा मिलिमीटरपर्यंतच. ८६ च्या स्कीला ९० किंवा ९५ चा ब्रेक बसतो. ११० चा बसवला तर कडेवर झुकल्यावर ब्रेकचं टोक बर्फात घासतं.

सुटण्याचा आकडा, ज्याला लोक डीआयएन म्हणतात, तो वजन, उंची, सोलची लांबी, वय आणि चालवण्याची पद्धत यांवरून तक्त्यातून काढतात. नव्याने शिकणाऱ्या मोठ्या माणसाचा बहुधा ४ ते ७ च्या मधे येतो. म्हणून ३ ते १० किंवा ३.५ ते ११ पल्ल्याचं बाइंडिंग पुरतं. ६ ते १६ वालं "भारी" म्हणून घेणं म्हणजे पडल्यावर स्की न सुटण्याची सोय करून ठेवणं. आणि मेकॅनिकने वजन विचारलं की खरं सांगा. लग्नाच्या बायोडेटातलं नव्हे.

आता मुख्य मुद्दा, जागा. ट्विन-टिपवर एकाहून जास्त रेषा छापलेल्या असतात. एक अगदी मध्यावर, उलटं उतरणाऱ्यांसाठी. एक कंपनीने सुचवलेली, मध्यापासून काही सेंटिमीटर मागे. कार्व्हिंगसाठी बाइंडिंग मागच्या, सुचवलेल्या रेषेवर बसवा. मध्यापासून साधारण चार ते सात सेंटिमीटर मागे असेल तर उत्तम. पुढे बसवली तर टिप छोटी पडते, वळणात लवकर शिरत नाही, आणि मागे लांबलचक मऊ टेल लोंबकळत राहते. वर टेलबद्दल एवढं सांगितलं, ते सगळं चुकीच्या रेषेवर बसवून वाया घालवता येतं. घरात दोघं-तिघं एकच जोडी वापरणार असाल तर रुळावर सरकणारं बाइंडिंग घ्या. थोडं जड, पण बूट बदलला की सोल जुळवता येतो, आणि जागाही सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर मागे-पुढे करून बघता येते.

"अंबडला ओळखीच्या शॉपमध्ये भोकं पाडून घेऊ," हा विचार मनात येणारच, मला माहीत आहे. स्कीच्या वर कुठेतरी ३.५ गुणिले ९ किंवा ४.१ गुणिले ९ असं छापलेलं असतं. म्हणजे ड्रिलचा व्यास आणि खोली, मिलिमीटरमध्ये. धातूचा थर असलेल्या स्कीला ४.१, नसलेल्याला ३.५. काम अंबडच्या माणसाला जमेलही, पण त्या बाइंडिंगचा जिग, म्हणजे भोकांची जागा दाखवणारा साचा, त्याच्याकडे नसतो, आणि बसवल्यावर सुटण्याची चाचणी घेणारं यंत्र तर नसतंच. पायाचं हाड आणि एक भोक यांत कशाची काळजी घ्यायची ते तुमचं तुम्ही ठरवा.

जुनी जोडी हाती आली तर

पुतण्याने ऑस्ट्रियातून किंवा कॅनडातून वापरलेली ट्विन-टिप आणली की पदरी पडलं आणि पवित्र झालं म्हणून आपण ती घेतो. घ्या, पण व्हर्नियर घेऊन बसा. बाजूने दिसणाऱ्या पोलादी कडेची जाडी मोजा. नव्या स्कीत ती दोन मिलिमीटरच्या आसपास असते. एक मिलिमीटरच्या खाली आली असेल तर धार लावायला फार काही उरलेलं नाही. मग अंगठ्याचं नख कडेवरून हळू फिरवा, टाचेखाली आणि पंजाखाली विशेषतः. बागेतल्या लोखंडी रेलवरून घसरवलेल्या स्कीच्या कडेला तिथेच तडे असतात, बारीक, केसाएवढे. एखाद-दुसरा चालतो. ओळीने असतील तर ती स्की भिंतीवर टांगायला ठीक.

वापरलेल्या ट्विन-टिपच्या कडा टोकांकडे मुद्दाम बोथट केलेल्या असतात, रेलवर अडकू नयेत म्हणून. हे धारेने भरून निघतं, पण कडेची जाडी नीट असेल तरच. टेलच्या टोकाला नाण्याने टकटक करा. आवाज सगळीकडे सारखा आला पाहिजे. कुठे पोकळ, भद्द आला तर आत थर सुटलेत आणि पाणी शिरलंय. ट्विन-टिपच्या टेलला हे जास्त होतं, कारण ती वळलेली असल्याने भिंतीला उभी केली की घसरते आणि आपटते. जुन्या भोकांची संख्याही बघा. दोनदा बाइंडिंग हलवलं असेल तर तिसऱ्यांदा हवी तिथे जागा मिळेलच असं नाही.

धार

कारखान्यातून आलेली धार बहुतेकदा ठीक असते, पण विचारा. दाबलेल्या उतारासाठी तळाकडून १ अंश आणि बाजूने २ अंश हे शिकणाऱ्याला पुरतं. बाजूने ३ केली तर कडक बर्फावर पकड वाढते, धार मात्र लवकर जाते. मुख्य म्हणजे दुकानदाराला स्पष्ट सांगा की टेकणाऱ्या भागात कुठेही बोथट करायची नाही. फक्त वळलेल्या टोकाचा, हवेत राहणारा भाग गुळगुळीत केला तरी चालेल. ट्विन-टिप म्हटलं की काही मेकॅनिक सवयीने दोन्ही टोकांकडून वितभर आत बोथट करून देतात. तुम्ही कागद सरकवून जी कड शोधलीत तीच मग निघून जाते.

उतारावर पहिली सकाळ

लिफ्ट सुरू होताच पोहोचा. रात्री मशीन फिरवलेला बर्फ तेव्हा बारीक रेघारेघांचा असतो, आणि त्यावर स्की काय करते ते सहज वाचता येतं. सौम्य उतार निवडा. चार वळणं घ्या, थांबा, मागे वळून स्वतःचा माग बघा. दोन बारीक, स्वच्छ, समांतर रेघा दिसल्या तर कार्व्ह झालं. सुरुवातीला रेघ आणि शेवटी पंख्यासारखी रुंद फरफट दिसली तर टेल निसटतेय. तुम्ही मागे रेललात म्हणून निसटली की स्कीमुळे, हे ओळखायला नडगी बुटाच्या जिभेवर दाबून धरा आणि पुन्हा घ्या. फरक पडला तर स्की निर्दोष. नाहीच पडला तर आधी धार बघा, मग बाइंडिंगची जागा.

उलटं उतरून बघायचं असेल तर मागे कोणी नाही हे पाहून, अगदी सपाटीच्या जवळ. ड्रॅग लिफ्टच्या रांगेत मागच्या स्कीवर तुमची वळलेली टेल चढते, तिथे अंतर ठेवा. आणि स्की बर्फात खोचून उभी करायची सवय असेल तर ट्विन-टिपला ती चालत नाही. आडवी, तळ वर करून ठेवा, नाहीतर ती एकटीच खाली निघेल.

नेणं आणि पावसाळ्यात ठेवणं

देशातल्या विमानात बहुधा १५ किलो सामान मिळतं. बाइंडिंगसकट जोडी साडेपाच-सहा किलो, बूट चारच्या आसपास, म्हणजे कपड्यांना पाच किलो उरतात. ज्यांना घाई नाही त्यांनी मनमाडहून झेलम धरावी, जम्मूपर्यंत एका गाडीत. स्कीच्या पिशवीत बाइंडिंगभोवती जाकीट गुंडाळा आणि टोकांना जुनं पायपुसणं बांधा. टेल आपटली की काय होतं ते वर सांगितलंच आहे.

नाशिकच्या पावसाळ्यात कडा गंजतात, यात शंका नको. मार्चमध्ये परत आल्यावर कडा कोरड्या पुसा, गंजाचे ठिपके बारीक दगडाने काढा, आणि तळावर गरम मेणाचा जाड थर द्या, कडा झाकल्या जातील असा. भोकं नसलेली जुनी इस्त्री चालते, पण धूर निघाला तर ती जास्त तापली आहे. मग दोन्ही स्की सुट्या, आडव्या, कपाटावर ठेवा. पट्ट्याने आवळून ठेवल्या तर महिनोनमहिने कमान दाबलेली राहते. बाल्कनीत नको, गच्चीवरच्या पत्र्याखाली तर मुळीच नको. मेण खरवडायचं ते डिसेंबरात, निघायच्या आदल्या दिवशी.